बायबल अक्षरशः वाचायचं की अभ्यासून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भायखळ्याजवळच्या आमच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी संध्याकाळी बायबलचा अभ्यासवर्ग भरतो. दहा-बारा माणसं असतात, पण प्रश्न त्याच्या कितीतरी पट येतात. कुणी उपासनेनंतर दारात गाठून विचारतं, कुणी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. तेच ते प्रश्न फिरून येत राहिले म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. ज्यांना मोठं उत्तर लागतं त्यांना मोठं दिलं आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे तो क्रमांक सांगितला आहे.

१. ‘चिकित्सक अभ्यास’ म्हणजे बायबलवर टीका करणं का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. चिकित्सा करणं म्हणजे बारकाईनं तपासून पाहणं. हे पुस्तक कोणी लिहिलं, कोणासाठी, कोणत्या काळात, कोणत्या भाषेत? हा इतिहास आहे, गाणं आहे, दाखला (बोधकथा) आहे की कायदा? आणि आपल्या हातातला मजकूर मुळात असाच होता का?

मराठी माणसाला हे नवीन वाटायला नको. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत तयार केली. ज्ञानेश्वरांवरची श्रद्धा कमी होती म्हणून केली असं कोण म्हणेल? पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढताना १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. १९१९ मध्ये सुरू झालेलं ते काम १९६६ मध्ये संपलं. पाठभेद, प्रक्षिप्त, संहिता हे शब्द आपल्याकडे त्या परंपरेतूनच रुळले आहेत. बायबलच्या बाबतीतही हेच काम चालतं.

२. अक्षरशः वाचणारे नेमकं काय मानतात? सगळे एकसारखेच असतात का?

एकसारखे नसतात. ढोबळमानाने त्यांचं म्हणणं असं: बायबलचा प्रत्येक शब्द देवाने दिलेला आहे, म्हणून त्यात इतिहासाची, विज्ञानाची, कसलीच चूक असू शकत नाही, आणि त्याचा सरळ दिसणारा अर्थच खरा अर्थ. या भूमिकेला आजचं रूप मुख्यतः अमेरिकेत आलं. १९१० ते १९१५ या काळात तिथे ‘द फंडामेंटल्स’ नावाची पुस्तिकांची मालिका निघाली, त्यावरून ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द आला. १९७८ मध्ये शिकागो इथे बायबलच्या निर्दोषत्वाचं जाहीरनामावजा निवेदन निघालं, आजही अनेक मंडळ्या त्याचा आधार घेतात. पण त्या निवेदनातही वाङ्मयप्रकार लक्षात घेऊन अर्थ लावावा असं म्हटलं आहे. त्यामुळे ‘अक्षरवादी म्हणजे अडाणी’ असं बोलणाऱ्यांशी मी सहमत नाही. माझी आजी उत्पत्तीचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, शब्द न् शब्द खरा मानायची, आणि तिच्याइतकं बायबल वाचलेलं माणूस मी पाहिलेलं नाही.

३. पण मंडळी पहिल्यापासून अक्षरशःच वाचत आली ना? हे नवं फॅड नाही का?

उलट आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित विचारतो: सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस, त्यांची संध्याकाळ आणि सकाळ झाली, असं कोणता समंजस माणूस मानेल? पुढे बिशप ऑगस्टीनने उत्पत्तीवर लिहिताना ख्रिस्ती लोकांना कळकळीने बजावलं, की आकाश आणि पृथ्वीविषयी ज्यांना ज्ञान आहे अशा परधर्मीयांसमोर शास्त्राचा हवाला देऊन भलतंसलतं बोलू नका. त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींत तुम्ही चुकताना दिसलात, तर पुनरुत्थानाविषयी ते तुमचं कशाला ऐकतील? बाराव्या शतकातला यहूदी पंडित इब्न एज्रा उत्पत्ती १२:६ मधल्या ‘त्या काळी देशात कनानी लोक होते’ या वाक्यावर थबकला. हे पुस्तक मोशेने लिहिलं असं मानत, आणि मोशेच्या काळात कनानी तिथे होतेच, मग ‘त्या काळी’ असं मागे वळून कोण बोलतं आहे? उत्तर त्याने उघड दिलं नाही. ज्याला कळतं त्याने गप्प राहावं, एवढंच लिहून तो थांबला.

४. शब्द जसा आहे तसा धरणं हेच प्रामाणिकपणाचं नाही का?

शब्द कोणत्या प्रकारच्या बोलण्यातला आहे हे पाहिल्यावरच तो ‘जसा आहे तसा’ धरता येतो. आपण ‘रंजलेगांजले’ म्हणतो तेव्हा रंजलेले वेगळे आणि गांजलेले वेगळे अशा दोन रांगा डोळ्यांपुढे नसतात. एकच गोष्ट दोनदा म्हटली की ती मनात उतरते. इब्री (हिब्रू) काव्य जवळजवळ संपूर्णपणे याच रीतीवर उभं आहे: पहिल्या ओळीत एक म्हणायचं, दुसरीत तेच निराळ्या शब्दांत.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशू गाढवावरून यरुशलेमेत आला त्याची आठवण करतात त्या दिवशी, आमच्या शब्बाथशाळेतल्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘येशू दोन गाढवांवर एकदम कसा बसला?’ तिने वचन नीट वाचलं होतं. जखऱ्या ९:९ मध्ये राजा ‘गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर’ बसून येतो. ती काव्याची दुहेरी ओळ, गाढव एकच. येशूचं चरित्र सांगणाऱ्या मार्क आणि लूक यांच्याकडे एकच शिंगरू आहे. मत्तय २१ मध्ये मात्र गाढवी आणि शिंगरू अशी दोन्ही आणली जातात, त्यांच्यावर वस्त्रं घातली जातात आणि येशू ‘त्यांच्यावर’ बसतो. भविष्यवाणीचा शब्द न् शब्द पुरा झाला हे दाखवायची मत्तयाची धडपड त्यात दिसते, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. ‘असले प्रश्न विचारू नयेत’ म्हणून त्या मुलीला गप्प केलं असतं, तर पुढच्या वेळी तिने वचन इतकं नीट वाचलं नसतं.

५. माझा मुलगा दहावीला आहे. शाळेत उत्क्रांती, चर्चमध्ये सहा दिवस. त्याला काय सांगू?

त्याच्यासोबत उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय सलग वाचा. पहिल्या अध्यायात आधी वनस्पती, मग प्राणी, आणि शेवटी नर व नारी असा माणूस एकदमच. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून क्रम बदलतो: आधी माणूस, मग बाग, मग प्राणी, आणि सर्वांत शेवटी स्त्री. देवाचं नावही बदलतं. पहिल्यात नुसता ‘देव’, दुसऱ्यात ‘परमेश्वर देव’. या दोन कथा शेजारीशेजारी ठेवणाऱ्यांना हा फरक दिसला नसेल असं मला वाटत नाही. दिसला, तरी त्यांनी दोन्ही ठेवल्या. त्यांना घटनांचा तक्ता बनवायचा नव्हता.

मग काय सांगायचं होतं? पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र यांची नावंच येत नाहीत, ‘मोठी ज्योती’ आणि ‘लहान ज्योती’ असं म्हटलं आहे. आजूबाजूच्या राष्ट्रांत सूर्य आणि चंद्र हे देव होते. इथे ते टांगलेले दिवे आहेत, चौथ्या दिवशी लावलेले. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, देवळांच्या सावलीत हे वाचणाऱ्या माणसाला केवढा धीर आला असेल! पृथ्वीचं वय किती हा प्रश्न त्याच्या मनात नव्हता. तो प्रश्न धरून आयर्लंडच्या आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये वंशावळींची बेरीज केली आणि इ.स.पू. ४००४ हे साल काढलं. मुलाला जीवशास्त्राच्या पेपरात जीवशास्त्रच लिहू द्या.

६. मोशेने पाच पुस्तकं लिहिली नाहीत, असं तुम्ही म्हणता?

त्या पाचांतलं शेवटचं पुस्तक ‘अनुवाद’, त्याच्या ३४व्या अध्यायात मोशेचा मृत्यू, दफन आणि ‘त्याची कबर कोणाला आजवर ठाऊक नाही’ हे सगळं आहे. हे मोशेने कसं लिहिलं असेल, हा प्रश्न तालमूद या यहूदी धर्मग्रंथाच्या पंडितांनाही पडला होता. शेवटची आठ वचनं यहोशवाची, असं एक मत त्यांनी नोंदवलं आहे.

जलप्रलयाची कथा पेन्सिल घेऊन वाचा. ६:१९ मध्ये प्रत्येक प्राण्याची एक जोडी घ्यायची आहे, ७:२ मध्ये शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. पाऊस चाळीस दिवस, आणि पाण्याचा जोर दीडशे दिवस. दोन धागे विणलेले दिसतात. १७५३ मध्ये जाँ अस्ट्रुक या फ्रेंच वैद्याने देवाच्या नावांवरून हे धागे सोडवायला सुरुवात केली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युलियस वेलहाउजेनने चार स्रोतांची मांडणी पक्की केली. आज ती मांडणी जशीच्या तशी फार थोडे मानतात. कोणता धागा कधीचा यावर वाद चालूच आहेत. पण पंचग्रंथ अनेक हातांतून, काही शतकांत घडला, यावर विद्यापीठांतल्या अभ्यासकांत जवळपास एकमत आहे.

७. ‘मोहरी सर्व दाण्यांत लहान’ असं येशू म्हणतो. खसखस तर तिच्याहून बारीक असते. येशू चुकला?

हा प्रश्न एका काकूंनी विचारला. त्या वर्गात रुमालाच्या गाठीत दोन्ही घेऊन आल्या होत्या. तळहातावर मोहरीचे काळे दाणे, शेजारी खसखस, आणि आम्ही सगळे वाकून पाहत होतो. खसखस बारीकच आहे, राजगिराही बारीक आहे. ‘मोहरीएवढा’ हा त्या काळच्या बोलण्यातला शब्द होता. आपण ‘तिळाएवढा’ म्हणतो तेव्हा तीळ मोजत नाही.

पण दाखल्याचा खरा धक्का पुढे आहे. यहेज्केल १७ मध्ये देव उंच डोंगरावर गंधसरू लावतो आणि त्याच्या सावलीत सगळे पक्षी राहतात. दानीएल ४ मध्ये साम्राज्य म्हणजे आभाळाला टेकलेला वृक्ष. ऐकणाऱ्यांच्या कानांत तो गंधसरू होता. येशू म्हणतो, देवाचं राज्य मोहरीसारखं: मळ्यातलं झुडूप, पण पक्षी तिथेही येतात. दाण्याच्या मापावर भांडत बसलं की हे निसटतं. काकूंनी ती खसखस परत गाठीत बांधली आणि त्या रात्री यहेज्केल वाचला, असं त्यांनी मला पुढच्या रविवारी सांगितलं.

८. काही आवृत्त्यांत मार्कच्या शेवटची वचनं कंसात का असतात?

कारण मार्क १६:९ ते २० ही बारा वचनं सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत नाहीत. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही पोथ्यांत मार्कचं शुभवर्तमान आठव्या वचनाला थांबतं: स्त्रिया कबरेपासून पळाल्या, आणि भ्याल्यामुळे कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या वचनांची भाषाही मार्कची वाटत नाही. शेवट तुटका वाटल्यामुळे ती नंतर जोडली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. योहान ७:५३ ते ८:११, म्हणजे व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, हीसुद्धा जुन्या पोथ्यांत नाही. ती मला अत्यंत प्रिय आहे, आणि तरीही ती योहानाने लिहिली असं मी शिकवत नाही.

या बारा वचनांवर मी जरा जास्त बोलतो, त्याला कारण आहे. माझ्या मावशीला साखरेचा आजार होता. इन्शुलिनची बाटली फ्रीजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी असायची. एका प्रार्थना सभेत बाहेरून आलेल्या प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, ‘आजाऱ्यांवर हात ठेवतील आणि ते बरे होतील’ हे मार्क १६:१८ मोठ्याने म्हटलं, आणि आता सुई घेणं म्हणजे अविश्वास असं सांगितलं. नऊ दिवसांनी आम्ही तिला टॅक्सीत आडवी घालून नेलं. ती वाचली, पण उजव्या पायाची दोन बोटं गेली. त्याच वचनात साप उचलण्याचं आणि विष पिण्याचंही आहे. अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागात तेही अक्षरशः पाळणाऱ्या मंडळ्या निघाल्या. ती प्रथा पसरवणारे जॉर्ज हेन्सली १९५५ मध्ये सर्पदंशानेच गेले. पोथ्यांचा अभ्यास ही पंडितांची करमणूक आहे, असं कुणी म्हणालं की मला मावशीचा पाय आठवतो.

९. गल्याथाला दावीदाने मारलं की एलहानानाने?

गल्याथ म्हणजे शत्रूचा महाकाय योद्धा. १ शमुवेल १७ म्हणतं त्याला दावीदाने मारलं. २ शमुवेल २१:१९ म्हणतं बेथलेहेमच्या एलहानानाने. नंतर लिहिलेल्या १ इतिहास २०:५ मध्ये एलहानान गल्याथाच्या भावाला मारतो. इतिहासकाराने अडचण ओळखून ती मिटवली, असं बहुतेकांना वाटतं. अक्षरवादी बाजूचं म्हणणं असं, की शमुवेलच्या मजकुरात नक्कल करणाऱ्याची चूक झाली आणि इतिहासात मूळ राहिलं. म्हणजे पाठभेद दोघेही मान्य करतात!

गल्याथाच्या उंचीचंही तसंच. आपल्या बायबलमध्ये ती सहा हात एक वीत, म्हणजे पावणेदहा फुटांच्या आसपास. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडत गेल्या. त्यांतल्या शमुवेलच्या गुंडाळीत ती चार हात एक वीत आहे, म्हणजे पावणेसात फुटांच्या आसपास. जुन्या ग्रीक भाषांतरातही चारच.

१०. आमच्या इमारतीतले बेने इस्रायल (मराठी यहूदी) आजोबा म्हणतात, यशयात ‘कुमारी’ असा शब्दच नाही. खरं का?

मूळ इब्री शब्दाबद्दल ते बरोबर आहेत. यशया ७:१४ मध्ये ‘अल्मा’ आहे, म्हणजे वयात आलेली तरुणी. ख्रिस्तापूर्वीच यहूद्यांनी केलेल्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, आलं. मत्तयाने ग्रीकवरून उद्धृत केलं आणि आपली प्रचलित भाषांतरं त्याच वाटेने गेली. यशया मुळात आहाज राजाशी बोलतो आहे. दोन शत्रू राजे चालून आलेत, आणि मूल जाणतं होण्याआधीच त्यांचा देश ओसाड पडेल असा तो दिलासा आहे. मत्तयाने त्या वचनात पुढे येशू पाहिला. दोन्ही वाचनं आपापल्या जागी समजून घेता येतात.

त्या आजोबांशी जरूर बोलत राहा. मशीद बंदरजवळचं त्यांचं जुनं सभास्थान १७९६ चं आहे, आणि जुन्या करारातल्या कथांवर त्यांच्यात मराठी कीर्तनं होत असत. जुना करार मराठीत वाचणारे मुंबईत आपण एकटे कधीच नव्हतो.

११. ‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे.’ याचा अर्थ तर सरळच आहे ना?

१ करिंथ १४:३४ एवढंच वाचलं तर सरळ आहे. पण त्याच पत्राच्या ११:५ मध्ये प्रेषित पौल स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना मस्तक झाकावं असं सांगतो. बोलायचंच नव्हतं तर पदर कशासाठी? काही जुन्या हस्तलिखितांत ३४ आणि ३५ ही वचनं अध्यायाच्या अगदी शेवटी येतात, म्हणून ती कुणी समासात लिहिली आणि मग मजकुरात शिरली असावीत, असं काहींचं मत आहे. काहींच्या मते तो त्या एका मंडळीतल्या गोंधळापुरता आदेश होता. रोम १६ मध्ये पौल सेविका फिबी हिची शिफारस करतो आणि युनियाला प्रेषितांत नामांकित म्हणतो.

आणखी एक सांगतो. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं इब्री आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्या १९२२ मध्ये गेल्या, आणि ते १९२४ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापून झालं. ज्या मंडळीत स्त्रियांना वचन समजावून सांगायला उभं राहू देत नाहीत, तिथे रमाबाईंना कुठे बसवणार?

१२. ६६६ म्हणजे आधार कार्ड, बारकोड की लस?

यांपैकी काहीच नाही. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, हा एका श्वापदाचा आकडा म्हणून येतो. इब्रीत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमचा सम्राट नेरो, हे नाव इब्री अक्षरांत लिहिलं की बेरीज ६६६ होते. शेवटचा ‘न’ गाळून ‘नेरो’ लिहिलं की ६१६, आणि इजिप्तमध्ये सापडलेल्या प्रकटीकरणाच्या एका जुन्या पपायरसवर नेमका ६१६ आकडा आहे. छळ सोसणाऱ्या मंडळीला कळेल पण रोमच्या शिपायाला कळणार नाही, असं ते लिहिणं होतं. लसीच्या वेळी आलेले संदेश पुढे पाठवण्याआधी प्रकटीकरण कोणाला लिहिलं होतं ते पाहा: पहिल्याच अध्यायात आशिया या रोमी प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) सात मंडळ्यांची नावं आहेत.

१३. कॅथलिक मंडळी याबद्दल काय म्हणते?

आज स्पष्टपणे अभ्यासाच्या बाजूने आहे. १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनी वाङ्मयप्रकार ओळखून वाचा असं सांगितलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ते उचलून धरलं, आणि १९९३ च्या व्हॅटिकनच्या बायबल आयोगाच्या दस्तऐवजात अक्षरवादी वाचन ही एक प्रकारची वैचारिक आत्महत्या आहे इतक्या कडक शब्दांत लिहिलं. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंट बायबलात ६६, हा वाद निराळा.

१४. मग पुनरुत्थानही प्रतीकच का? कुठे थांबायचं?

हा प्रश्न मी टाळत नाही. योना माशाच्या पोटात होता ही बोधकथा मानली, म्हणून पुनरुत्थानही कथाच ठरतं असं नाही, कारण दोन्ही लिखाणं एका जातीची नाहीत. १ करिंथ १५ मध्ये पौल नावानिशी साक्षीदार सांगतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, याकोब, पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. हे पत्र पहिल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकातलं, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांचं. आणि पौल म्हणतो की हे मला मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, म्हणजे साक्ष पत्राहूनही जुनी. शिष्यांना काहीतरी दिसलं अशी त्यांची खात्री होती, एवढं विश्वास न ठेवणारे इतिहासकारही सहसा मान्य करतात. देवाने येशूला उठवलं का, हे इतिहासाच्या साधनांनी सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. मी ते मानतो. मानण्यासाठी मला योनाचा मासा मोजावा लागत नाही.

१५. अभ्यास करून विश्वास सोडलेली माणसं मी पाहिली आहेत. तुम्हाला भीती वाटत नाही?

वाटते. आमच्याच वर्गातला एक मुलगा गेला. त्याला लहानपणापासून शिकवलं होतं की एक वचन चुकीचं निघालं तर सगळं बायबल खोटं. मग त्याला गल्याथाचा प्रश्न सापडला (प्रश्न ९), आणि दोन महिन्यांत तो येईनासा झाला. त्याला ती अट आम्हीच शिकवली होती, बायबलने नाही. तो आता ठाण्याला राहतो. दिवाळीत फोन केला तेव्हा म्हणाला, स्तोत्रसंहिता अजून वाचतो, झोप येत नाही तेव्हा. कोणतं स्तोत्र, असं मी विचारलं. अठ्ठ्याऐंशीवं, म्हणाला. ते संपूर्ण बायबलमधलं सगळ्यात काळोखं स्तोत्र आहे, आणि शेवटचा शब्दही काळोखच आहे. मी त्याला म्हटलं, मीही आज रात्री तेच वाचतो.